उद्याची वर्गखोली: शाळेच्या जागांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षं मी शाळांच्या इमारती आखण्याचं काम करते आहे. नवी शाळा काढणारे विश्वस्त, जुनी इमारत सांभाळणारे मुख्याध्यापक, दिवसभर बोलून घसा बसलेले शिक्षक, काळजीत पडलेले पालक, सगळे थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाई करून भागत नाही.

‘भविष्यातली वर्गखोली’ म्हणजे नेमकी कशी?

हे शब्द उच्चारले की बहुतेकांना मोठमोठे पडदे, काचेच्या भिंती आणि रंगीबेरंगी बीनबॅग दिसू लागतात. मला हे चित्र अपुरं वाटतं. आज पाया घातलेली इमारत सहज ५० वर्षं उभी राहील. तेवढ्या काळात अभ्यासक्रम कितीतरी वेळा बदलेल, यंत्रं तर त्याहून झपाट्याने बदलतील. पण त्या खोलीत बसणाऱ्या मुलाला तेव्हाही ताजी हवा लागेल, वाचायला उजेड लागेल, बाई काय म्हणताहेत ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यावं लागेल, आणि तासभर हलू दिलं नाही तर त्याचे पाय वळवळतील. तेव्हा जे बदलणार नाही ते उत्तम करायचं आणि जे बदलणार आहे ते सैल ठेवायचं. पुढची बहुतेक उत्तरं याच विचारातून आली आहेत.

सैल ठेवायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांनी इमारतीकडे थराथरांनी पाहायला शिकवलं. सांगाडा ५० वर्षं टिकतो. वीज, पाणी, हवा यांच्या सोयी साधारण १५ वर्षांनी बदलाव्या लागतात. आतली पार्टिशनं ५ ते ७ वर्षांत. आणि टेबल-खुर्च्या तर रोजच हलतात. घोटाळा होतो तो जास्त टिकणाऱ्या थरात कमी टिकणारा थर गाडून टाकल्यामुळे. काँक्रीटच्या भिंतीत पुरलेली वायर बदलायची तर भिंत फोडावी लागते, आणि शाळा चालू असताना भिंत कोण फोडणार?

म्हणून इमारतीचा भार खांब आणि तुळयांवर घ्यावा. दोन वर्गांमधल्या भिंतीवर भार नसला तर ती पुढे कधीही काढता येते. वायरींसाठी उघडता येतील अशा पट्ट्या ठेवाव्यात आणि सोबत दोन-तीन नळ्या रिकाम्याच टाकून ठेवाव्यात. स्वच्छतागृहं आणि जिने मजल्याच्या टोकांना न्यावेत, म्हणजे मधला पट्टा मोकळा राहतो. उद्घाटनाच्या दिवशी यातलं काहीच कुणाला दिसत नाही, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री इथेच लागते. ती लागू देऊ नका.

खोलीमुळे शिकण्यात खरंच फरक पडतो का? चांगला शिक्षक तर झाडाखालीही शिकवतो.

शिकवतो, आणि ते झाड बऱ्याच वर्गखोल्यांपेक्षा बरं असतं: सावली, हवा, उजेड सगळं तिथे आहे.

या प्रश्नावर मोजमाप करून झालेलं काम आहे. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठात पीटर बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ प्राथमिक शाळांमधल्या १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुलं अभ्यासली. २०१५ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, वर्षभरातल्या प्रगतीत मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो त्यातला सुमारे १६ टक्के वाटा वर्गखोलीच्या भौतिक गुणांशी जोडता येतो. त्यातलाही जवळपास अर्धा भाग उजेड, तापमान आणि हवा या तीन गोष्टींचा. उरलेला अर्धा दोन गोष्टींत वाटला गेला: खोली मुलांना आपली वाटते का आणि त्यांच्या गरजेप्रमाणे बदलते का, ही एक, रंग आणि भिंतींवरची गर्दी ही दुसरी.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. अख्ख्या इमारतीच्या दिमाखापेक्षा मूल ज्या खोलीत बसतं त्या एका खोलीचा परिणाम मोठा दिसला. प्रवेशद्वारावर खर्च करणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

मग सुरुवात कुठून करायची?

हवेपासून. जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्या तासाला कुठल्याही भरलेल्या वर्गात बाहेरून एकदम शिरून पाहा. आत बसलेल्यांना नाक सरावल्यामुळे काही जाणवत नाही, पण दारातच तुम्हाला तो कोंदट, घामट वास येईल. मागच्या रांगेत दोघं-तिघं हातावर डोकं टेकून बसलेली असतील. आपण त्यांना आळशी म्हणतो, पण बऱ्याचदा दोष कोंडलेल्या हवेचा असतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखात सुमारे ४२० भाग असतं. वर्गात ते १,००० च्या आत राहावं असा प्रयत्न करतात. दारं-खिडक्या लावलेल्या भरल्या वर्गात ते २,००० च्या पलीकडे सहज जातं. हे मोजणारं छोटं यंत्र भिंतीवर लावा आणि त्याकडे लक्ष ठेवायचं काम मुलांनाच द्या. आकडा चढला की खिडकी उघडायला कुणी सांगावं लागत नाही.

शिवाय शांत बसलेलं एक मूल साधारण ६० ते ७० वॉट उष्णता बाहेर टाकतं. तीस मुलं म्हणजे दोन किलोवॉटचा हीटर दिवसभर चालू! ही गरम हवा वर जाते, म्हणून छताजवळ उघडणाऱ्या झडपा हव्यात आणि समोरासमोरच्या दोन भिंतींना खिडक्या हव्यात. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या खोल खोलीत वारा खिडकीपाशीच थबकतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांदो गावात वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी २००१ साली पूर्ण केलेली प्राथमिक शाळा मी नेहमी उदाहरण म्हणून दाखवते. मातीच्या विटांच्या भिंती, विटांचंच छत, आणि त्याच्यावर अंतर सोडून, लोखंडी कैच्यांवर उचलून धरलेलं पत्र्याचं छप्पर. तापलेला पत्रा मुलांच्या डोक्यावर येत नाही, मधल्या फटीतून वारा वाहतो आणि खालची गरम हवा ओढून नेतो. एकही यंत्र न वापरता. केरे यांना २०२२ साली प्रित्झ्कर हा वास्तुरचनेतला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्काराइतकीच ती फट महत्त्वाची वाटते.

खिडक्या मोठ्या केल्या की उजेडाचा प्रश्न सुटतो ना?

अर्धाच सुटतो. साधा ठोकताळा असा: खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत कामाचा उजेड पोहोचतो. वरची कड २.४ मीटरवर असेल तर पाच-सहा मीटरपर्यंत. खोली त्याहून खोल असेल तर पलीकडच्या रांगेला दिवसाढवळ्या दिवे लागतात. त्यामुळे खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच नेलेली बरी, आणि दुसऱ्या बाजूनेही थोडा उजेड आला तर फारच उत्तम.

उजेड आणि तिरीप यांत मात्र गल्लत नको. फळ्यावर तिरीप पडली की बाई पडदे ओढतात, दिवे लावतात, आणि ते पडदे वर्षभर तसेच राहतात. खिडकीवर पुरेसं पुढे आलेलं छज्जासारखं आच्छादन द्यावं, आणि फळा खिडकीच्या समोरच्या भिंतीवर न घेता काटकोनातल्या भिंतीवर घ्यावा.

आवाजाकडे एवढं लक्ष द्यायची गरज आहे का?

आहे. माझ्या मते शाळा बांधताना सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते यावरच.

मोठ्या माणसाला अर्धवट ऐकू आलेलं वाक्य मनातल्या मनात पुरं करता येतं, कारण शब्द आधीच ओळखीचे असतात. लहान मुलाला ते जमत नाही. तो शब्द पहिल्यांदाच कानावर पडत असतो. घरी वेगळी भाषा बोलणारं मूल, सर्दीने कान बंद झालेलं मूल, कमी ऐकू येणारं मूल, यांचे हाल आणखी. शिक्षकाचा आवाज आसपासच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावा असं मानतात. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या ध्वनी-मानकात रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलच्या आत आणि नेहमीच्या आकाराच्या खोलीत आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आत ठेवायला सांगितलं आहे.

यंत्र नसेल तर रिकाम्या वर्गाच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आली तर खोली घुमते आहे. गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती आणि उघडं काँक्रीटचं छत असेल तर घुमणारच. उपाय छतापासून करा: आवाज शोषणारे तक्ते तिथे लावले की ते मुलांच्या हाताला लागत नाहीत आणि टिकतातही. मागच्या भिंतीला जाड मऊ पिनबोर्ड लावा. आणि खुर्च्यांच्या पायांना नमदा किंवा रबराच्या टोप्या घाला. तीस खुर्च्या एकदम सरकवल्याचा तो आवाज ज्यांनी रोज सोसला आहे, त्यांना हे पटवावं लागत नाही.

भिंती पाडून मोकळ्या शाळा कराव्यात का?

हा प्रयोग जगाने एकदा करून पाहिला आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत, ब्रिटनमध्ये बिनभिंतींच्या कितीतरी शाळा उभ्या राहिल्या. हेतू चांगला होता: मुलांनी आपापल्या गतीने शिकावं, शिक्षकांनी एकमेकांच्या साथीने शिकवावं. पण शिकवण्याची पद्धत तीच राहिली, आवाजाची सोय केली गेली नाही, आणि बघता बघता अनेक ठिकाणी पार्टिशनं परत आली.

चूक मीही केली आहे. एका शाळेत दोन वर्गांमधली भिंत काढून मी तिथे हलकं, घडीचं पार्टिशन बसवलं. चार महिन्यांनी गेले तेव्हा एका बाजूला पाढे चालले होते आणि दुसऱ्या बाजूच्या बाई मुलांना जवळ गोळा करून, जवळजवळ कानात सांगावं तशा गोष्ट सांगत होत्या. पार्टिशनला लागून सगळी कपाटं ओळीने उभी केलेली होती. कुणी माझ्याकडे तक्रार केली नव्हती. कपाटांची ती रांगच सगळं सांगत होती. बाईंशी मी दोन दिवस आधी बसून बोलले असते तर हे टळलं असतं. तेव्हापासून दोन खोल्या जोडायच्या असल्या तर मधे आवाज खरोखर अडवणारं, नीट बंद होणारं दारच देते.

मग बंद वर्ग आणि मोकळी जागा यांतलं काय निवडायचं?

दोन्ही लागतं, आणि त्यांच्या मधलंही काहीतरी लागतं. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड थॉर्नबर्ग यांनी शिकण्याच्या जागांना फार सुरेख नावं दिली: शेकोटी, पाणवठा आणि गुहा. शेकोटीभोवती सगळ्यांनी मिळून एकाचं ऐकायचं. पाणवठ्यावर येता-जाता भेटायचं, बोलायचं, एकमेकांकडून उचलायचं. गुहेत एकट्याने बसून विचार करायचा. आपल्या बहुतेक शाळांत शेकोट्याच शेकोट्या असतात. पाणवठ्याचं काम कसाबसा व्हरांडा करतो, आणि गुहा तर कुठेच नसते.

एका शाळेत मी दोन दिवस नुसती फिरून मुलं कुठे थांबतात ते पाहत होते. जिन्याखाली झाडू-बादल्यांच्या शेजारी हातभर जागा होती. मधल्या सुट्टीत तिथे एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पुस्तक वाचायची. दुसऱ्या दिवशीही तीच, तिथेच. वाचनालय होतं, पण ते सुट्टीत कुलूपबंद. आम्ही बादल्या हलवल्या, एक कमी उंचीचा लाकडी कट्टा केला, एक दिवा लावला. पुढच्या भेटीत तिथे तिघी दाटीवाटीने बसल्या होत्या.

डच वास्तुरचनाकार हर्मन हर्ट्झबर्गर यांनी डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेत १९६० च्या दशकात मधल्या दालनात विटांचा एक चौकोनी ओटा बांधला. ओटाच. मुलं त्याच्यावर बसतात, त्याच्याभोवती जमतात, नाटकाच्या वेळी तोच रंगमंच होतो. त्याच शाळेच्या बालवर्गाच्या दालनात उलट केलं: जमिनीत चौकोनी खळगा, आणि त्यात सुटे लाकडी ठोकळे. ठोकळे बाहेर काढले की खळग्यात गोल करून बसता येतं. उपयोग एकच ठरवून न दिल्यामुळे मुलं तो रोज नव्याने ठरवतात.

फर्निचर कसं घ्यावं? चाकांचं?

सगळंच चाकांचं नको, नाहीतर वर्गाला स्थैर्य राहत नाही. महत्त्वाचं आहे ते माप. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीस-पंचवीस सेंटिमीटरचा फरक असू शकतो, तरी बाक सगळ्यांना एकच. मुलाचे तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत, गुडघ्यामागे खुर्चीची कड रुतू नये, आणि कोपर टेबलाच्या उंचीला यावं. प्रत्येक वर्गात निदान दोन-तीन मापं ठेवा आणि मुलांना आपलं आपण माप शोधू द्या. थोडी उंच, उभ्याने काम करायची टेबलंही असू द्या. ज्याला बसवत नाही त्याला उभं राहून शिकता आलं पाहिजे, तेही शिक्षा म्हणून नव्हे.

एक कसोटी लक्षात ठेवा: मांडणी बदलायला मुलांना पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ती कधीच बदलली जाणार नाही.

स्क्रीन आणि डिजिटल फळे किती घ्यावेत?

जितके शिक्षकांनी मागितले तितके. वर्गाची मांडणी मात्र पडद्याभोवती करू नका, कारण पडदा काही वर्षांत जुना होतो आणि त्याच्याकडे तोंड करून रोवलेली खोली तशीच राहते. भरपूर सॉकेट, खात्रीचं इंटरनेट, चार्जिंगची सुरक्षित जागा आणि लिहिता-पुसता येतील अशा दोन-तीन भिंती, एवढं करा. मुलांच्या हाताच्या उंचीवर असलेला फळा हे आजही फार ताकदीचं साधन आहे.

भिंती रंगवून, तक्ते लावून वर्ग आकर्षक करायला नको का?

करा, पण हात राखून. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या २४ मुलांना कधी भरगच्च सजवलेल्या खोलीत, तर कधी मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवलं. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ दुसरीकडे होतं, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. प्रयोग लहान होता, पण सॅलफर्डचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे: भिंतीचा २० ते ५० टक्के भाग मोकळा ठेवावा. जो भाग भरायचा तो मुलांच्या कामाने भरा आणि दर महिन्याला बदला. विकत आणलेला तक्ता पंधरा दिवसांनी कुणाला दिसेनासा होतो.

सगळ्या मुलांना सोयीची शाळा म्हणजे रॅम्प, एवढंच ना?

रॅम्प ही सुरुवात आहे. तोही बारा मीटरला एक मीटर चढेल यापेक्षा उभा नको. व्हीलचेअर वळवायला दीड मीटरचं मोकळं वर्तुळ लागतं आणि दारातून किमान ९० सेंटिमीटर मोकळी वाट. पण ज्या मुलाला गोंगाट आणि गर्दी सोसत नाही, त्याच्यासाठी एक शांत कोपराही तितकाच आवश्यक आहे. कमी दिसणाऱ्या मुलासाठी पायरीच्या कडेला ठळक वेगळा रंग लागतो.

आणि स्वच्छतागृहं. याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही, पण मुलांना विचारा, पहिलं उत्तर हेच येतं. अंधारी, दूर, कडी न लागणारी स्वच्छतागृहं असली की मुलं, विशेषतः मोठ्या मुली, दिवसभर पाणीच पीत नाहीत. तहानलेल्या मुलाचं लक्ष कसं लागेल? स्वच्छतागृहात नैसर्गिक उजेड, आतून लागणारी भक्कम कडी, पाण्याची खात्री, पाळीच्या दिवसांत लागणारी झाकणाची कचराकुंडी आणि कपडे बदलायला पुरेशी जागा हवीच. माझं स्पष्ट मत आहे की पैसे कमी पडत असतील तर सभागृह पुढे ढकलावं, हे नव्हे.

मैदानाव्यतिरिक्त बाहेरच्या जागेचा काय उपयोग?

वर्गाला लागून, थेट बाहेर उघडणारं दार आणि छोटं अंगण असेल तर विज्ञान, चित्रकला, वाचन अर्धंअधिक तिथे जातं. अमेरिकेतल्या विनेट्का इथे १९४० साली उघडलेल्या क्रो आयलंड शाळेत प्रत्येक वर्गाला स्वतःचं अंगण, दोन बाजूंनी खिडक्या आणि कामाचा वेगळा कोपरा दिला गेला. या शाळेच्या वास्तुरचनाकारांनी आधी वर्गांत बसून मुलं आणि शिक्षक दिवसभर काय करतात ते पाहिलं होतं. तोक्योजवळच्या ताचिकावा इथल्या फुजी बालवाडीत (२००७) तर लंबवर्तुळाकार छतच धावायला मोकळं आहे आणि आधीपासूनची झाडं त्यातून वर आली आहेत. झाड आधी, भिंत नंतर, हा क्रम मला फार आवडतो.

नवी इमारत शक्य नाही. आहे त्यात काय करता येईल?

खूप. अडगळ काढा, प्रत्येक वर्गात निदान एक कपाट असं असतं ज्याची किल्लीही सापडत नाही. जाम झालेल्या खिडक्या मोकळ्या करा. छत आणि वरच्या भिंती पांढऱ्या रंगवा. खुर्च्यांच्या पायांना टोप्या घाला. वाचनालय सुट्टीत उघडं ठेवा. शिक्षकांना वह्या तपासण्यासाठी आणि आपसांत बोलण्यासाठी एक शांत खोली द्या, कारण तीही शिकण्याचीच जागा आहे.

मुलांना विचारून काय मिळणार? ती तरण तलाव मागतील.

‘काय हवं?’ असं विचारलं तर मागतीलच. त्याऐवजी शाळेचा साधा नकाशा हातात द्या आणि तीन रंगांच्या टिकल्या द्या: आवडती जागा, नकोशी जागा, भीती वाटते ती जागा. अर्ध्या तासात भरलेला तो नकाशा आर्किटेक्टच्या पहिल्या भेटीत टेबलावर ठेवा. मी असे बरेच नकाशे पाहिले आहेत. भीतीच्या टिकल्या बहुतेक वेळा जिन्याच्या वळणावर आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर दाटतात. मोठ्यांनी भरलेल्या नकाशावर त्या ठिकाणी मला अजून एकही टिकली दिसलेली नाही.

काम झालं. जागा जमली की नाही हे कसं ओळखायचं?

एक वर्ष जाऊ द्या आणि भर शाळेच्या दिवशी, न कळवता फिरा. कुठल्या खिडक्या उघड्या आहेत, कुठले पडदे कायमचे ओढलेले आहेत, कपाटं कुठे सरकली आहेत, फरशी कुठे झिजली आहे ते पाहा. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि एक पूर्ण तास ऐका.